अर्भकाची साक्ष

मूल कोरी पाटी घेऊन जन्माला येते, असे आपण सहज बोलून जातो. पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि त्या पाटीवर पुढचे सारे लिहून जाते, अशी आपल्या आयाबायांची श्रद्धा आहे. रसायनशास्त्राचे म्हणणे थोडे वेगळे आहे. त्याच्या मते पाटी कोरी नसतेच. आईच्या पोटात असताना बाळापर्यंत काय काय पोचले, याची काही नोंद जन्मतःच त्याच्या अंगात असते, आणि ती वाचण्याची विद्या माणसाने गेल्या चाळीसएक वर्षांत बरीच हस्तगत केली आहे. तंबाखू, दारू, अफू, गांजा, कोकेन, झोपेच्या गोळ्या, यांपैकी काय गरोदरपणी आईच्या अंगात गेले याचा माग बाळाच्या लघवीतून, पहिल्या शीतून, नाळेच्या तुकड्यातून आणि केसांतूनसुद्धा काढता येतो. ही परीक्षा करतात कशी, तिच्यावर विश्वास किती ठेवावा, आणि तिच्या निकालाचे करायचे काय, हे तीन प्रश्न आपण क्रमाने पाहू.

मी डॉक्टर नव्हे. कामगार संघटनेच्या कामात वैद्यकीय दाखले आणि तपासणीचे कागद वाचावे लागतात. ते वाचता वाचता, पुस्तके चाळता चाळता आणि जाणत्यांना विचारता विचारता जे उमगले ते सांगतो. तिसऱ्या प्रश्नावर मात्र मी जरा अधिक रेंगाळणार आहे. कागद खरा असूनही त्याचा वापर अन्यायाचा होऊ शकतो, ही गोष्ट कामगारांइतकी दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते.

वार ही भिंत नव्हे

आईचे रक्त आणि बाळाचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. दोहोंच्या मध्ये वार असते. या वारेच्या आड बाळ सुरक्षित आहे, अशी समजूत पुष्कळ काळ डॉक्टरांचीही होती. १९६१ साली थॅलिडोमाइड नावाच्या औषधाने ही समजूत पार मोडून काढली. गरोदर स्त्रियांनी मळमळीवर आणि झोपेसाठी हे औषध घेतले, आणि युरोपात हजारो मुले हातापायांची वाढ खुंटलेली अशी जन्मली. वार ही भिंत नसून गाळणी आहे, हे तेव्हा जगाला कळले. या गाळणीतून लहान आकाराचे आणि चरबीत विरघळणारे रेणू सहज पलीकडे जातात. तंबाखूतले निकोटीन, दारू, अफूतले मॉर्फिन, ही सारी याच जातीची.

पलीकडे गेलेल्या पदार्थाचे पुढे काय होते? बाळाचे कोवळे यकृत त्याचे थोडेफार रूपांतर करते, मूत्रपिंडे तो लघवीवाटे बाहेर टाकतात. पण बाळाचे बाहेर म्हणजे गर्भाशयातलेच पाणी. तेच पाणी बाळ पुन्हा गिळते. असे महिनोन्महिने चालते आणि त्याचा अंश बाळाच्या आतड्यात थरावर थर साचत जातो. जन्मानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत बाळाला जी चिकट, काळपट हिरवी शी होते ती हीच. डॉक्टर तिला मेकोनियम म्हणतात. आपल्या सुइणी तिला नुसती काळी शी म्हणत आणि ती साफ पडून गेली म्हणजे निःश्वास टाकत. त्या काळ्या शीत इतका मोठा हिशेब दडला आहे, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसेल.

नमुने चार, गुण वेगवेगळे

लघवीचा नमुना सर्वांत जुना. पण ती फार तर शेवटच्या काही दिवसांचीच वार्ता देते, आणि नवजात बाळाची लघवी गोळा करणे हे मोठे किचकट काम आहे. मेकोनियम गर्भाच्या चौथ्या महिन्याच्या सुमारास साचू लागते, म्हणून ते साधारण शेवटच्या चार-पाच महिन्यांचे सांगते. त्याची अडचण एवढीच की ते वेळेवर जमवले पाहिजे. पाचवी पुजायच्या आतच ते संपलेले असते, आणि एकदा दुधाची पिवळी शी सुरू झाली की साक्षीदार निघून गेला असे समजावे. नाळेचा तुकडा मात्र जन्मल्याक्षणी हाती येतो. एरवी फेकून दिली जाणारी वीतभर नाळ धुऊन, बाटलीत घालून, शिक्का मारून पाठवली की झाले. केस गर्भाच्या शेवटच्या तीन महिन्यांत वाढतात, म्हणून त्यांची साक्षही तेवढ्याच काळाची. शिवाय बाळाचे जावळ असे मध्येच कापायला किती आया तयार होतील?

या चारांपैकी कोणताही नमुना गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांविषयी खात्रीने बोलत नाही. बाळाचे अवयव तर त्याच काळात घडत असतात. तेव्हा निकाल 'नाही' आला म्हणजे काहीच घडले नाही, असे समजणे चूक आहे.

परीक्षा दोन पायऱ्यांची

पहिली पायरी चाळणीची. एखादा विशिष्ट पदार्थ ओळखून त्याला चिकटणारी प्रथिने तयार करून ठेवलेली असतात. कुलूप आणि किल्ली यांचे नाते आठवा. नमुन्यात ती किल्ली असली की कुलूप उघडते आणि यंत्राला खूण मिळते. ही परीक्षा स्वस्त आणि झटपट होते. पण कुलूप साधेच असते. हुबेहूब किल्ली नसली, नुसती तिच्यासारखी दिसणारी असली, तरी ते कधी कधी उघडते.

म्हणून दुसरी पायरी लागते, ती खातरजमेची. टीपकागदावर शाईचा थेंब टाकून कडेला पाणी लावले की शाईतले रंग वेगवेगळ्या अंतरावर पसरतात, हे आपण शाळेत पाहिले आहे. याच तत्त्वाने एका बारीक नळीतून नमुना सोडतात. वारीच्या वाटेवर एकत्र निघालेली माणसे आपापल्या चालीप्रमाणे मागेपुढे होतात, तसे त्यातले पदार्थ एकेक करून बाहेर पडतात. बाहेर पडलेल्या प्रत्येक पदार्थाचे रेणू फोडून त्यांच्या तुकड्यांचे वजन केले जाते. माणसाच्या बोटांचे ठसे जसे वेगळे, तसे प्रत्येक पदार्थाच्या तुकड्यांचे वजनही वेगळे. मोजमाप चालते ते नॅनोग्रॅममध्ये. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोग्रॅम. इतक्या सूक्ष्म मापात एक मर्यादा ठरवलेली असते. तिच्या वर आकडा गेला तर 'आहे', खाली राहिला तर 'नाही'. ही मर्यादा माणसांनीच ठरवलेली असते, हे विसरू नये.

पहिल्या पायरीवरच थांबून निर्णय दिला तर काय होते, याची उदाहरणे आपल्या घरातच आहेत. अनारशावर लावतात ती आणि डिंकाच्या लाडवात घालतात ती खसखस म्हणजे अफूच्या बोंडातले बी. त्या बियांना मॉर्फिनचा किंचित अंश चिकटलेला असतो, आणि खसखस खाणाऱ्याच्या लघवीत तो उतरू शकतो. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते, तेही अफूच्याच घराण्यातले. बाळंतपणाच्या कळा असह्य झाल्या म्हणून दवाखान्यातच टोचलेले वेदनाशामक बाळाच्या नमुन्यात सापडते, आणि टोचल्याची नोंद कागदावर नसेल तर दोष आईच्या माथी येतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली एक मासला दाखवून दिला. बाळाला न्हाऊ घालण्याचा साबण लघवीच्या नमुन्यात मिसळला की काही चाळणी-परीक्षा गांजा असल्याची खूण देत होत्या! साबणापायी एखादी आई गंजेकरी ठरायची. खातरजमेची दुसरी परीक्षा केली की असल्या चुका उघड्या पडतात. म्हणून पहिला नियम असा की खातरजमा झाल्यावाचून आईला एक शब्दही बोलू नये.

आपल्या घरची गोष्ट : मिश्री

कोकेन आपल्या गावाला परके. आपल्या कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात गरोदर बाईच्या अंगात जाणारे व्यसन कोणते, असे विचाराल तर उत्तर चुलीपाशी मिळेल. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि सकाळ-संध्याकाळ बोटाने दातांना लावायची. ती मिश्री. तिला कोणी व्यसन म्हणतच नाही. दात दुखतात म्हणून लावली, परसाकडे साफ होत नाही म्हणून लावली, भूक मारायची म्हणून लावली, सासूने दिली म्हणून लावली.

मिश्रीतले निकोटीन हिरड्यांतून रक्तात आणि रक्तातून वारेपलीकडे जाते. यकृतात त्याचे कोटिनीन होते. निकोटीन लवकर नाहीसे होते, कोटिनीन त्याहून पुष्कळ अधिक काळ टिकते, म्हणून प्रयोगशाळा कोटिनीनच शोधते. बाळाच्या मेकोनियममध्येही ते सापडते.

मिश्रीचा परिणाम काय, हे मापूनही झाले आहे. डॉ. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईतल्या १२१७ गरोदर स्त्रियांचा मागोवा घेतला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या शंभरात सतरा स्त्रिया धूर न काढता तंबाखू वापरत होत्या, बहुतेक मिश्रीच. त्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. आपल्या कराडच्या कृष्णा वैद्यकीय संस्थेतील डॉ. आशा प्रतिनिधी आणि त्यांचे सहकारी यांचा निबंध २०१० साली आला. ७०५ गरोदर स्त्रियांपैकी २१८ मिश्री लावणाऱ्या निघाल्या, आणि त्यांच्या बाळांचे वजन सरासरी सुमारे १७० ग्रॅमने कमी होते. धडधाकट बाळाला हा फरक भागवता येतो. पण जे बाळ मुळातच दोन-सव्वादोन किलोचे, त्याला दीडशे ग्रॅम म्हणजे जगण्याची शिदोरी.

त्याच निबंधातला दुसरा एक आकडा मला त्याहून मोलाचा वाटतो. समजावून सांगितल्यावर त्या २१८ जणींपैकी ७१ जणींनी मिश्री सोडली आणि ५८ जणींनी कमी केली. म्हणजे निम्म्याहून अधिक बायांनी नुसत्या आपुलकीच्या चार शब्दांवर हात आखडला. धमकी लागली नाही, दंड लागला नाही.

साक्ष कशाची, आरोप कोणावर?

आता खरा पेच पाहू. समजा, एका बाळाच्या काळ्या शीत कोटिनीन सापडले. खातरजमाही झाली. यावरून आई मिश्री लावते असे म्हणता येईल काय?

आपल्या शेजारी निपाणी आहे, तिकडे सोलापूर आहे. तिथे तंबाखूच्या वखारींत आणि विड्यांच्या धंद्यात बायांच्या पिढ्या खपल्या. तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते, पान आणि जर्दा दिवसभर हाताला लागतो. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेतल्या डॉ. रजनी भिसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात विडी कामगारांच्या लघवीची तपासणी केली, तेव्हा तिच्यात कोटिनीन वाढलेले आढळले. हे कोटिनीन कामाच्या जागेवरून आलेले. घरात नवरा किंवा सासरा विडी ओढत असेल तर त्याचा धूरही आईच्या रक्तात आणि तिथून बाळात जातो.

प्रयोगशाळेतल्या यंत्राला कोटिनीनचा रेणू कळतो. तो डबीतून आला, वखारीतून आला की नवऱ्याच्या विडीतून आला, हे त्याला कळत नाही. मूल पोचले त्या पदार्थाचे नाव सांगते, पोचवणाऱ्याचे नाव सांगत नाही. तरीसुद्धा निकालाचा कागद हाती आला की सगळ्यांची बोटे आपोआप एकाच दिशेला वळतात, खाटेवर पडलेल्या बाळंतिणीकडे. हे बोट कुठवर जाऊ शकते, ते पाहायला अमेरिकेत जावे लागेल. तिथे ही परीक्षा सर्वांत आधी आणि सर्वांत अधिक चालली.

डेट्रॉइट शहरातल्या डॉ. एन्रिके ओस्ट्रिया यांनी मेकोनियमच्या परीक्षेचा पाया घातला. १९९२ साली त्यांनी ३०१० नवजात बालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शंभरात चव्वेचाळीस बाळांच्या मेकोनियममध्ये कोकेन, मॉर्फिन किंवा गांजा यांपैकी काही ना काही सापडले. विचारल्यावर कबूल केले होते शंभरात अकरा आयांनी. परीक्षेची ताकद यावरून दिसते. पण बाकीच्या गप्प का राहिल्या, हेही विचारले पाहिजे. त्या गप्प राहिल्या, कारण बोलण्याची किंमत त्यांना माहीत होती.

दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन शहरी १९८९ पासून एका सरकारी रुग्णालयात गरोदर स्त्रियांच्या लघवीची कोकेनसाठी तपासणी होई, आणि निकाल पोलिसांकडे जाई. तीस स्त्रियांना अटक झाली, त्यांतल्या एकीवाचून सगळ्या कृष्णवर्णीय. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २१ मार्च २००१ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की पोलिसांना पुरावा मिळावा म्हणून स्त्रीच्या संमतीवाचून अशी तपासणी करणे ही घटनाबाह्य झडती आहे. निर्णय योग्य लागला, पण त्याला बारा वर्षे लागली. तोवर किती गरोदर बाया भीतीने दवाखान्याची पायरी चढल्या नसतील! दवाखाना टाळणाऱ्या आईच्या बाळाला व्यसनाचाही धोका आणि उपचाराच्या अभावाचाही. शिक्षा आईला होते ती होतेच, पण भोगावी लागते बाळाला.

याच सुमारास फिलाडेल्फियात डॉ. हॅलम हर्ट यांनी २२४ बाळे निवडली. निम्म्यांच्या आयांनी गरोदरपणी कोकेन घेतले होते, निम्म्यांच्या नाही. घरे सगळ्यांची गरिबांची. दोन दशकांहून अधिक काळ ही मुले पाहिल्यावर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक दिसेना. दोन्ही गट मागेच होते. मुलांना मागे खेचणारे मुख्य कारण गरिबी निघाले. कोकेन निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ नव्हे. यंत्राने ज्याला पकडले त्याहून मोठा अपराधी यंत्राच्या चिमटीतून निसटला होता, एवढाच त्याचा अर्थ.

बाळागोळीचा धडा

हा धडा आपल्याला परदेशातून शिकायची गरज नव्हती. आपल्याच कराड-पाटणच्या खोऱ्यांतून गिरणगावात गेलेल्या माणसांच्या इतिहासात तो लिहिलेला आहे. मुंबईच्या चाळींत त्या काळी बाळागोळी मिळे. ती अफूची गोळी. गिरणीत पाळीला जाताना आई ती मुलाला चाटवी, म्हणजे ती परत येईपर्यंत मूल गुंगीत पडून राही. ही अफू जन्मानंतरची, गर्भातली नव्हे. पण प्रश्न तोच. १९२२ साली डॉ. बार्न्स या लेडी डॉक्टरांनी गिरणी-कामगार स्त्रियांची पाहणी केली आणि नोंदवले की त्यांच्या शंभरांतल्या अठ्ठ्याण्णव मुलांना अफू दिली जाते.

शंभरात अठ्ठ्याण्णव! आता विचार करा. शंभरातल्या दोन आया अफू देत असत्या तर त्या दोघी वाईट, असे म्हणता आले असते. अठ्ठ्याण्णव देतात तेव्हा दोष आयांचा राहत नाही, व्यवस्थेचा होतो. पाळणाघर नाही, रजा नाही, रजेचा पगार नाही, मूल सांभाळायला घरात कोणी नाही. बाळागोळी ही त्या आईची क्रूरता नव्हती. तिला परवडणारे ते एकमेव पाळणाघर होते.

उपाय कोणता निघाला? १९२४ साली ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूतिविषयक विधेयक मांडले, ते फेटाळले गेले. पुढे मुंबई कायदेमंडळात तसे विधेयक आले, तेव्हा २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या देशाच्या हिताचे आहे, आणि जो मालक तिच्या श्रमावर नफा मिळवतो त्याने तिचा भार उचललाच पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९२९ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला. १९६१ साली तो साऱ्या देशासाठी आला. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवडे झाली आणि पन्नास किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचे झाले. हा मार्ग आईला बेडी घालण्याचा नव्हता, तिला बसायला जागा देण्याचा होता.

पण उसाच्या फडात आठव्या महिन्यातही मोळी उचलणारी बाई आजही त्या रजेबाहेर आहे. घरच्या उंबऱ्यावर सूप मांडीवर घेऊन विड्या वळणारीच्या वाट्यालाही ती क्वचितच येते. भूक मारायला आणि कंबर विसरायला तिच्या हाताशी मिश्रीची डबीच असते.

मग परीक्षा नकोच काय?

नको असे मी म्हणत नाही. बाळ जन्मानंतर एक-दोन दिवसांतच कर्कश रडू लागले, थरथरू लागले, दूध ओढेना, तर त्याला अफूच्या जातीचे औषध तुटल्याचा त्रास होत असू शकतो. तेव्हा परीक्षेने डॉक्टरांना वाट सापडते आणि बाळ वाचते. फक्त चार अटी हव्यात. आईला समजेल अशा भाषेत सांगून तिची संमती घ्यावी. खातरजमेची दुसरी परीक्षा झाल्यावाचून निकाल मानू नये. निकाल डॉक्टर आणि आई यांच्यातच राहावा, ठाण्यावर जाऊ नये आणि सासरच्या ओसरीवरही जाऊ नये. आणि परीक्षा करायची तर पुढच्या उपचाराची सोय आधी करावी. आपल्या १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातसुद्धा स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला कलम ६४-अ खाली खटल्यापासून सूट मिळण्याची तरतूद आहे. मग बाळंतिणीशी त्याहून कठोर होण्याचे कारण काय?

इथे बसलेल्या भगिनींना दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. मिश्री गरोदरपणात कोणत्याही महिन्यात सोडली तरी फायदाच आहे. ती सुटत नसेल तरी बाळाला अंगावरचे दूध तोडू नये, दूध द्यावे आणि मिश्री कमी करत जावे. अफूची किंवा तसल्या गोळ्यांची सवय असेल तर मात्र ती गरोदरपणी मनानेच एकदम तोडू नये, कारण त्याचा झटका पोटातल्या बाळाला बसतो. त्यासाठी डॉक्टरकडेच जावे, आणि जाताना लाज घरी ठेवून जावे.

बंधूंसाठी एकच गोष्ट. बाळाच्या अंगातल्या तंबाखूत तुमच्या विडीचा वाटा किती, हे यंत्र सांगत नाही. ते तुम्हीच सांगायचे आहे.